व्हर्जिनिया ली यांची चाळीस वर्षे: हाती औषध नसताना या संशोधनाला यश म्हणावे का?

मेधा_कोथरूड (धागाकर्ती)

अल्झायमरविषयीच्या ज्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या बहुधा नव्या औषधाच्या असतात, आणि वर्षभरात त्या औषधाचे नाव कोणाला आठवतही नाही. त्या औषधांच्या मागे ज्यांनी आयुष्य घातले त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

व्हर्जिनिया मॅन-यी ली यांचा जन्म १९४५ साली चीनमधील चोंगचिंग येथे झाला आणि बालपण हाँगकाँगमध्ये गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पियानो शिकायला गेलेली ही मुलगी तिथेच रसायनशास्त्राकडे वळली आणि पुढे १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. झाली. युट्रेख्त, बॉस्टन आणि थोडा काळ एक औषध कंपनी असा प्रवास करून १९८१ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आल्या आणि तिथेच राहिल्या. बॉस्टनमध्ये भेटलेले विकृतिशास्त्रज्ञ जॉन ट्रोजनोव्स्की हे त्यांचे पती आणि संशोधनातील कायमचे सहकारी.

या दोघांचे काम थोडक्यात सांगायचे तर मेंदूच्या निरनिराळ्या विकारांत पेशींमध्ये साचणारा गाळ नेमका कोणत्या प्रथिनाचा आहे, हे शोधण्याचे. अल्झायमरमधील गाठी टाऊ या प्रथिनाच्या असल्याचे पक्के करणारा निबंध १९९१ चा. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत जे गोळे साचतात, त्या लेवी पिंडांत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन असते हे सांगणाऱ्या १९९७ च्या निबंधात केंब्रिजच्या संशोधकांबरोबर हे दोघे होते. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूचे पुढचे व बाजूचे भाग झिजून होणारा स्मृतिभ्रंश) आणि एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरण्याचा आजार) या दोन विकारांत टीडीपी-४३ हे प्रथिन सापडले ते २००६ मध्ये. विज्ञानातील २०२० चा ब्रेकथ्रू पुरस्कार ली यांना मिळाला.

यावरून आमच्या घरी वाद झाला. नवऱ्याचे म्हणणे असे, की चाळीस वर्षांत एकाही रुग्णाची स्मृती परत आली नसेल तर त्याला ज्ञान म्हणा, यश म्हणू नका. मला ते पटले नाही, परंतु त्याला द्यायला नेमके उत्तरही सापडले नाही. येथील जाणकारांना काय वाटते?

सांगलीकर_आबा

मेधाताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा आहे.

माझ्या पत्नीला अल्झायमर आहे. ती शिक्षिका होती. पेन्शनच्या कागदांवर तिची सही जुळेना, तेव्हा बँकेतल्या भल्या माणसाने तोडगा काढला, आणि जन्मभर मुलांची अक्षरे सुधारणाऱ्या बाईला मी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवताना पाहिले. अंगठ्यावरची शाई पुसायची असते हेही तिच्या लक्षात आले नाही. ती पदराला लागली. तिला चालू असलेली डोनेपेझिल ही गोळी अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाली. ती टाऊवरही काम करत नाही आणि पेशींबाहेर साचणाऱ्या अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनावरही नाही. मेंदूतील अॅसिटिलकोलीन हे रसायन टिकवते, इतकेच. म्हणजे ही जी प्रथिने शोधली गेली त्यांचा एक कणही आमच्या घरापर्यंत पोहोचलेला नाही. पुरस्कार जरूर द्यावेत, पण हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडावा.

बोरूबहाद्दर

पियानो, रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, आणि पेनसिल्व्हेनियात नोकरी करता करता १९८४ मध्ये व्हार्टनमधून एमबीएसुद्धा! आमच्याकडे मुलाने अकरावीत शाखा बदलायची म्हटली तरी घरात सुतक पडते.

सूक्ष्मदर्शक

मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

१९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्णाच्या मेंदूचे जे वर्णन केले ते चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांवरून केले होते. तसे काप आजही करतात. पेशींच्या बाहेर धुरकट, गोल चकत्या दिसतात आणि पेशींच्या आत ज्वाळेच्या आकाराच्या काळ्या गाठी. पेशी मरून नाहीशी झाली तरी गाठ तिच्याच आकारात मागे उरते. हे चित्र सुमारे ऐंशी वर्षे सगळ्यांना ठाऊक होते. ते कशाचे बनले आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. कारण साधे आहे. हा गाळ कोणत्याही सौम्य द्रावणात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही त्याचे रसायनशास्त्र करणे महाकठीण.

१९८४ मध्ये सॅन डिएगोच्या जॉर्ज ग्लेनर यांनी मेंदूच्या आवरणांतील रक्तवाहिन्यांमधून अमायलॉइड वेगळे करून त्याची ओळख पटवली. गाठींच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील इंगे ग्रुंडके-इक्बाल आणि खालिद इक्बाल या दुसऱ्या एका दाम्पत्याने १९८६ मध्ये सांगितले, की तेथे टाऊ आहे आणि त्यावर फॉस्फेटचे गट नको इतके चिकटलेले आहेत. तरीही शंका उरली होती. गाठीत टाऊ सापडला म्हणजे गाठ टाऊची झाली, असे होत नाही. तो बाहेरून चिकटलेलाही असू शकतो. त्याच सुमारास अल्झायमरच्या मेंदूत ए-६८ नावाचे एक प्रथिन सापडले होते आणि ते स्वतंत्र काहीतरी आहे असा अनेकांचा समज होता. ली यांनी १९९१ मध्ये गाठींतील तंतू शुद्ध करून, त्यांचे तुकडे करून त्यांचा अमिनो आम्लांचा क्रम वाचला. ए-६८ म्हणजे फॉस्फेट चढलेला टाऊच निघाला.

मला त्यांचा त्याहून आवडणारा निबंध १९९४ चा आहे, त्याचा उल्लेख सहसा होत नाही. तोपर्यंत सगळे मानत होते, की निरोगी प्रौढ मेंदूतील टाऊवर फॉस्फेट फारसे नसते. ली यांच्या गटाने शस्त्रक्रियेच्या वेळी जिवंत मेंदूतून काढलेले ताजे तुकडे तपासले, तेव्हा निरोगी टाऊवरही त्याच जागी पुष्कळ फॉस्फेट आढळले. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदूतील विकरे (एन्झाइम) ते काढून टाकतात, आणि आजवर सगळे जण शवविच्छेदनातील ऊतक पाहत होते, म्हणून ते कोणाला दिसले नव्हते. स्वतःच्याच क्षेत्राचा एक सोयीचा समज मोडणारा हा प्रयोग आहे. मग रोगात वेगळे काय होते, तर निरोगी पेशीत फॉस्फेट चढते आणि उतरते, रोगट पेशीत ते उतरेनासे होते.

तर्कटी

सूक्ष्मदर्शक यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु मेधाताईंचा लेख वाचून अल्झायमर हा टाऊचाच रोग आहे असा समज होईल, आणि तो एकांगी ठरेल.

अमायलॉइडच्या बाजूचा पुरावा आनुवंशिक आहे, आणि म्हणून तो भक्कम आहे. अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनातून तुटून निघते त्याचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असते. डाऊन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात आणि त्या व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अल्झायमरसारखे बदल दिसतात. १९९१ मध्येच लंडनच्या जॉन हार्डी यांच्या गटाला एका कुटुंबात या जनुकातील दोष सापडला आणि त्या कुटुंबात तुलनेने कमी वयात अल्झायमर होत होता. टाऊच्या जनुकातील दोष १९९८ मध्ये सापडले, पण त्यांमुळे अल्झायमर होत नाही, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया होतो. तेव्हा सुरुवात अमायलॉइडपासून होते आणि टाऊ नंतर येतो, हे मान्य करायला हवे.

सूक्ष्मदर्शक

@तर्कटी, क्रम मान्य आहे. मात्र रुग्णाची स्मृती किती गेली हे मेंदूतील अमायलॉइडच्या प्रमाणावरून सांगता येत नाही; गाठी कुठवर पसरल्या आहेत यावरून बरेचसे सांगता येते. कितीतरी वृद्ध मेंदूभर अमायलॉइड घेऊन शहाण्यासुरत्या अवस्थेत जातात. आणि १९९८ च्या ज्या दोषांचा आपण उल्लेख केला त्यांनीच हे सिद्ध केले, की अमायलॉइड नसतानाही एकटा टाऊ बिघडला तर चेतापेशी मरतात. तोपर्यंत टाऊच्या गाठींना केवळ थडगी मानणारे लोक होते.

बोरूबहाद्दर

या दोन पंथांना तिकडे गमतीने ‘बाप्टिस्ट’ आणि ‘टाऊइस्ट’ म्हणत असत, कारण बीटा-अमायलॉइड प्रोटीनची आद्याक्षरे बी-ए-पी. म्हणजे एकीकडे बाप आणि दुसरीकडे टाऊ. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात आणि तिचा निकाल तिसऱ्या पिढीत लागतो.

वाचनमात्र

एरवी फक्त वाचते, पण एक प्रश्न विचारते. २००६ च्या एका अल्झायमरच्या निबंधात चित्रे फेरफार केलेली होती असे मध्यंतरी वाचले होते. धाग्यातील २००६ चा शोध तो हाच का? तसे असेल तर मग कशावर विश्वास ठेवायचा?

मेधा_कोथरूड

नाही, तो वेगळा. आपण विचारलेत हे बरे झाले, कारण वर्ष एकच असल्यामुळे गल्लत होऊ शकते. ज्यावर आक्षेप आले तो मार्च २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला, मिनेसोटा विद्यापीठातील सिल्व्हें लेस्ने यांचा अमायलॉइडच्या एका विशिष्ट प्रकाराविषयीचा निबंध होता. त्यातील चित्रांवरचे आक्षेप २०२२ मध्ये जाहीर झाले आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला.

टीडीपी-४३ चा निबंध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘सायन्स’मध्ये आला. म्युनिकच्या मानुएला नॉयमान त्याच्या पहिल्या लेखिका आणि काम ली-ट्रोजनोव्स्की यांच्या प्रयोगशाळेतील.

सूक्ष्मदर्शक

वाचनमात्र यांचा ‘कशावर विश्वास ठेवायचा’ हा प्रश्न इतक्यात सोडू नये. एकाच वर्षातल्या या दोन निबंधांची तुलनाच त्याचे उत्तर देते.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या बऱ्याच रुग्णांच्या पेशींत असा गाळ दिसायचा ज्यात टाऊ नव्हता, सिन्युक्लिनही नव्हते. तो कशाचा आहे याचा अंदाजदेखील कोणाकडे नव्हता. ली यांच्या गटाने अंदाज बांधण्याच्या भानगडीत न पडता मृत रुग्णांच्या मेंदूतून हा न विरघळणारा ऐवज काढला, तो तसाच उंदरांना टोचला आणि उंदरांनी बनवलेल्या प्रतिपिंडांपैकी कोणते त्या गाळालाच चिकटतात आणि निरोगी मेंदूला चिकटत नाहीत, हे एकेक करून पाहिले. हे काम किती कंटाळवाणे असते ते ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल: काचपट्टीमागून काचपट्टी, तपकिरी रंग उमटला की नाही एवढेच पाहायचे, आणि बहुतेक वेळा तो एकतर सगळीकडे उमटतो किंवा कुठेच उमटत नाही. त्यातून हाती लागले टीडीपी-४३. निरोगी पेशीत हे प्रथिन केंद्रकात राहून आरएनएची व्यवस्था पाहते. रोगात ते केंद्रक सोडून बाहेर येते आणि गोळा होऊन बसते. काचपट्टीवर हे इतके ठसठशीत दिसते, की नवशिक्या विद्यार्थ्यालाही दाखवता येते: शेजारच्या पेशीचे केंद्रक तपकिरी, आणि रोगट पेशीचे केंद्रक निळे, रिकामे, बाहेर मात्र तपकिरी ढेकूळ.

त्याच वर्षी जपानमधील तेत्सुआकी अराई यांच्या गटाने स्वतंत्रपणे हेच प्रथिन सापडल्याचे प्रसिद्ध केले. आज कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत ते रोजच्या तपासणीत रंगवले जाते. लेस्ने यांनी वर्णन केलेले अमायलॉइड मात्र इतरांना शोधूनही नीट सापडत नव्हते. निबंध किती गाजला याला अर्थ नाही. दुसऱ्याच्या टेबलावर तेच दिसले का, एवढे विचारावे.

तर्कटी

येथे मी सूक्ष्मदर्शक यांच्याशी पूर्ण सहमत आहे, ही नोंद प्रशासकांनी जपून ठेवावी.

मात्र मेधाताईंनी पुरस्काराविषयी एक गोष्ट लिहायची राहिली. ब्रेकथ्रू पुरस्काराच्या प्रशस्तीत अल्झायमरचे नावच नाही. तेथे टीडीपी-४३ चा उल्लेख आहे, आणि पार्किन्सन व मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी या दोन रोगांत अल्फा-सिन्युक्लिनची निरनिराळी रूपे निरनिराळ्या पेशींत असतात, या शोधाचा. ज्यावर त्यांनी सुरुवात केली त्या रोगाबद्दल त्यांना तीस लाख डॉलर मिळालेले नाहीत. आबांच्या बाजूने हा मुद्दा मीच मांडतो.

शर्वरी_ठाणे

पुरस्काराचा विषय निघालाच आहे तर हेही लिहिते, की तो एकट्या ली यांना मिळाला, ट्रोजनोव्स्की यांना नाही. एरवी अशा जोडप्यांत नेमके उलटे होते आणि बाईचे नाव आभारप्रदर्शनात जाते, त्यामुळे मला क्षणभर बरे वाटले होते. पण ते न्याय्य वाटले नाही. ती प्रयोगशाळा दोघांची होती: ऊतक ओळखणारा विकृतिशास्त्रज्ञ आणि ते विरघळवून दाखवणारी जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांतला एक नसता तर दुसऱ्याचे काम अर्ध्यावर अडले असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रोजनोव्स्की यांचे निधन झाले.

वाचनमात्र

अजून एक विचारते, वेडगळ वाटल्यास दुर्लक्ष करावे. ही प्रथिने एका पेशीतून दुसऱ्या पेशीत पसरतात असे वाचले. मग हा रोग संसर्गजन्य आहे का? आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी सासूबाईंचे उष्टे ताट उचलायला नकार दिला आहे.

चेतातज्ज्ञ

वाचनमात्र ताई, प्रश्न वेडगळ मुळीच नाही, आणि मावशींना निःशंकपणे सांगा, की ताट, पाणी, कपडे, स्पर्श, शुश्रूषा यांतून अल्झायमर होत नाही.

गोंधळ कुठून येतो ते सांगतो. २०१२ मध्ये ली यांच्या प्रयोगशाळेतील केल्व्हिन लुक आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेले अल्फा-सिन्युक्लिनचे तंतू साध्या, जनुकीय बदल न केलेल्या उंदरांच्या मेंदूत टोचले. ते विरजणासारखे लागले: उंदराचे स्वतःचे निरोगी प्रथिन त्या तंतूंच्या घडणीने बिघडत गेले, बिघाड जोडलेल्या पेशींत पुढे सरकला, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मेल्या आणि उंदरांची हालचाल बिघडली. त्याआधी २००८ मध्ये पार्किन्सनच्या काही रुग्णांत असेच काहीसे दिसले होते. दशकाहून अधिक काळापूर्वी त्यांच्या मेंदूत बसवलेल्या भ्रूणाच्या तरुण पेशींमध्येही लेवी पिंड आढळले होते. परंतु हे सगळे एकाच मेंदूच्या आत घडते.

माणसाकडून माणसाकडे अमायलॉइड गेल्याचा जो पुरावा आहे तो अत्यंत विशिष्ट परिस्थितीतला आहे. ब्रिटनमध्ये १९५९ ते १९८५ या काळात काही मुलांना मृतांच्या पियुषिका ग्रंथींतून काढलेले वाढीचे संप्रेरक टोचले जात असे. त्यांपैकी काही जणांत पुढे अल्झायमरशी जुळणारी लक्षणे दिसल्याचे लंडनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. ती उपचारपद्धती १९८५ मध्येच बंद झाली आहे.

एडिसनकर

आबांच्या प्रतिसादाला न्यू जर्सीतून उत्तर देतो. प्रथिनांच्या संशोधनाचा कणही घरापर्यंत पोहोचला नाही, हे आमच्या घरी तरी खरे राहिलेले नाही. माझ्या आईची स्मृती बिघडू लागली तेव्हा रक्ताची एक तपासणी झाली, तिच्यात पी-टाऊ २१७ मोजतात. सूक्ष्मदर्शक यांनी वर्णन केलेला तो फॉस्फेट चढलेला टाऊ, त्याचाच हा २१७ क्रमांकाच्या जागी फॉस्फेट असलेला प्रकार. अशा तपासणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. पूर्वी याच खात्रीसाठी कमरेतून पाणी काढावे लागे किंवा मेंदूचा महागडा पेट (पीईटी) स्कॅन करावा लागे, आणि त्याहीपूर्वी मृत्यूची वाट पाहावी लागे.

तिला लेकॅनेमॅब हे मेंदूतील अमायलॉइड काढून टाकणारे औषध द्यावे का, यावर आम्हा भावंडांचे एकमत झाले नाही आणि शेवटी आम्ही ते दिले नाही. दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचे, मध्ये मध्ये एमआरआय करायचे, वर्षाची छापील किंमत साडेसव्वीस हजार डॉलर. ज्या चाचणीवर ते मान्य झाले तिच्यात १७९५ रुग्ण होते आणि दीड वर्षानंतर औषध घेणाऱ्यांची घसरण २७ टक्क्यांनी कमी होती. मात्र औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली; बहुतेकांना तिचा त्रास झाला नाही, पण आईच्या वयात आम्हाला ती जोखीम घ्यावीशी वाटली नाही.

सांगलीकर_आबा

एडिसनकर, आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. ते २७ टक्के मीही वाचले आहेत. ज्या मापपट्टीवर ते मोजले ती १८ गुणांची आहे आणि दोन गटांतला फरक ०.४५ गुणांचा होता. टक्क्यांत सांगितले की मोठे दिसते. माझी पत्नी आज मला ओळखते, उद्या ओळखत नाही. हा फरक त्या पट्टीवर किती गुणांचा होतो हे मला कोणी सांगितलेले नाही. तपासणी सोपी झाली हे मान्य करतो. पण रोगाचे नाव पक्के कळणे आणि उपचार मिळणे यांत जे अंतर आहे, ते घरच्या माणसांनाच कापावे लागते.

चेतातज्ज्ञ

आबा, आपल्या आकड्यांत चूक नाही, आणि इतका लहान फरक घरच्यांच्या लक्षात येईल का, यावर आमच्यातही वाद आहेच. परंतु फरक इतका लहान का राहिला, याचे एक कारण मूळ प्रश्नाकडे घेऊन जाते.

ऐंशी ओलांडलेल्या रुग्णाच्या मेंदूत क्वचितच एकटा अल्झायमर असतो. अमायलॉइड आणि टाऊ यांच्या जोडीला सिन्युक्लिन असते, रक्तवाहिन्यांचे नुकसान असते, आणि पुष्कळदा टीडीपी-४३ असते. या शेवटच्या प्रकाराने स्मृती जाते, हुबेहूब अल्झायमरसारखी. २०१९ मध्ये त्याला ‘लेट’ असे स्वतंत्र नाव मिळाले. आता विचार करा: पाचपैकी एकच गोष्ट काढून टाकणारे औषध दिले तर रुग्णात किती फरक पडेल? अमायलॉइडवरील बापिन्यूझुमॅब या प्रतिपिंडाच्या मोठ्या चाचण्यांत तर असे रुग्ण घेतले गेले होते ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतेच, कारण निदान केवळ लक्षणांवरून केले होते. ते औषध अपयशी ठरले यात फार नवल नाही.

कोणत्या मेंदूत कोणते प्रथिन आहे हे ओळखण्याची जी भाषा आज आम्ही डॉक्टर वापरतो ती बऱ्याच अंशी ली आणि ट्रोजनोव्स्की यांच्या प्रयोगशाळेतून आली आहे. माझ्या मते त्यांचे यश तेथे शोधावे. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबाला याचा आज मिळणारा लाभ थोडा आहे, हेही तितकेच खरे.

शर्वरी_ठाणे

या सगळ्यात एका गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही, की हे प्रत्येक संशोधन मृत रुग्णांच्या मेंदूवर उभे आहे. कोणाच्या तरी कुटुंबाने तो दिला होता. ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो, आणि आपल्याकडील मेंदूंचा अभ्यास त्या मानाने किती झाला आहे? महाराष्ट्रात देहदानाची मोठी चळवळ आहे. माझ्या आजोबांनीही देहदान केले. त्यातून मेंदू संशोधनाला मिळतो का?

सूक्ष्मदर्शक

शर्वरीताई, सहसा नाही. देहदान शरीररचनाशास्त्र विभागाकडे जाते आणि तेथे देह टिकवण्यासाठी त्यात फॉर्मलिन भरतात. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते योग्यच आहे, पण प्रथिनांच्या रसायनशास्त्रासाठी मेंदूचा काही भाग मृत्यूनंतर काही तासांत काढून गोठवावा लागतो. १९९४ च्या निबंधाची गोष्ट वर सांगितली, ती आठवावी: उशीर झाला की टाऊवरचे फॉस्फेटही निघून जाते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे. पश्चिम महाराष्ट्रातून तेथे वेळेत पोहोचवणे किती अवघड आहे हे वेगळे सांगायला नको.

आणि निरोगी वृद्धांचे मेंदूही तितकेच लागतात. तुलनेला निरोगी मेंदू नसेल तर रोगट मेंदूत काय वेगळे आहे हे सांगायचे कशाच्या आधारे?

बोरूबहाद्दर

मी निरोगी गटासाठी नाव नोंदवायला तयार होतो, पण सौ. म्हणते आधी निरोगी असल्याचा पुरावा आणा.

मेधा_कोथरूड

सर्वांचे आभार. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. त्याचे म्हणणे असे, की चेतातज्ज्ञ यांचा मुद्दा त्याला पटला, मात्र त्याला तो ‘यश’ न म्हणता ‘पाया’ म्हणेल आणि पायावर राहता येत नाही. मी त्यावर त्याला इतकेच विचारले, की बापिन्यूझुमॅबच्या वेळी पाया नीट पाहिला असता तर किती रुग्णांचा वेळ वाचला असता. वाद संपलेला नाही.

एक भर घालते. ली यांनी औषधाचा प्रयत्न केलाच नाही असे नाही. टाऊ बिघडला की पेशीच्या आतील सूक्ष्मनलिका मोडकळीस येतात, म्हणून त्या बाहेरून सावरून धरणारे एपोथिलोन-डी हे द्रव्य त्यांच्या गटाने उंदरांवर वापरले आणि उंदरांत त्याचा चांगला परिणाम दिसला. माणसांवरील छोट्या चाचणीनंतर ते पुढे गेले नाही.

सांगलीकर_आबा

ही माहिती मला नव्हती. प्रयत्न करून फसणे याला मी अपयश म्हणणार नाही, पण माझे मूळ मत अजून तेच आहे. आता इतके वाचल्यावर एकच विचारतो: टाऊवर थेट काम करणारे काही येते आहे का? आमच्यासाठी नव्हे, आमच्यासाठी वेळ गेली. पत्नीची धाकटी बहीण पंचावन्नची आहे आणि आताशा तीही गॅस बंद केला का हे दोनदोनदा जाऊन पाहते.

चेतातज्ज्ञ

आबा, गॅस दोनदा पाहणे हे बहुधा बहिणीचा आजार जवळून पाहिल्याच्या धास्तीचे लक्षण असते. तरी त्यांची थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणी करून घ्या, झोप आणि ऐकू येणे यांचीही चौकशी करा, आणि त्यांना एकदा चेतातज्ज्ञाला दाखवा.

टाऊविषयी: पेशींच्या बाहेर फिरणारा टाऊ पकडणारी गोसुरानेमॅब, टिलाव्होनेमॅब, सेमोरिनेमॅब ही प्रतिपिंडे अल्झायमरची घसरण थांबवू शकली नाहीत. आता लक्ष आहे ते टाऊ तयारच कमी व्हावा म्हणून पाठीच्या कण्यातील द्रवात टोचल्या जाणाऱ्या बीआयआयबी-०८० या द्रव्याकडे. पहिल्या टप्प्यातील छोट्या चाचणीत त्या द्रवातील टाऊ निम्म्याहून अधिक घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दुसऱ्या टप्प्याची चाचणीही हाती घेण्यात आली. टाऊ घटला म्हणजे स्मृती टिकेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

तर्कटी

आणि टिकली तर तो अमायलॉइडवाल्यांचा पराभव असेल असे सूक्ष्मदर्शक यांनी लगेच जाहीर करू नये. त्या चाचणीतले रुग्णही आधी अमायलॉइड तपासूनच निवडलेले आहेत.

सूक्ष्मदर्शक

जाहीर करणार नाही. मनातल्या मनात म्हणेन.